चार-वायरी ऑडिओ पोर्टवर आवाज पुन्हा पुन्हा बिघडतो: गेनला हात लावण्याआधी काय तपासायचं

डोंगरावर व्हीएचएफ रेडिओ, खाली कंट्रोल रूम, आणि मधल्या ज्या जागी पूर्वी ॲनालॉग लीज्ड लाइन किंवा ई-वन मक्स (एकाच लाइनवर अनेक चॅनेल नेणारं यंत्र) होता तिथे आता सर्किट-टू-पॅकेट गेटवे, म्हणजे आवाजाची पॅकेटं करून नेटवर्कवर पाठवणारं यंत्र. अशी मांडणी ज्यांच्याकडे आहे त्यांना ही तक्रार तोंडपाठ असेल. बसवल्या दिवशी आवाज स्वच्छ असतो. काही आठवड्यांनी कंट्रोल रूमचा फोन येतो, ‘साइटचा आवाज बारीक येतोय.’ कोणीतरी लॉगिन करून पोर्टचा गेन (आवाज किती वाढवायचा ती सेटिंग) तीन-चार डीबी वाढवतं, तक्रार मिटते. मग पुढचा फोन, ‘आवाज फाटतोय.’ गेन खाली येतो. मग पीटीटी, म्हणजे बोलताना रेडिओला ट्रान्समिटवर नेणारी की, बोलता बोलता सुटायला लागतो. कार्ड बदललं जातं, दोन दिवस बरं चालतं, आणि चक्र परत पहिल्यापासून सुरू होतं.

परत परत येणाऱ्या या तक्रारीमागे बहुतेक वेळा एक साधा दोष असतो आणि त्याच्यावर कोणीतरी गेनचं पांघरूण घातलेलं असतं. म्हणून या लिखाणातला माझा आग्रह एकच आहे: गेन सगळ्यात शेवटी. आधी वायरिंग आणि टर्मिनेशन (लाइनच्या टोकाला लागणारं लोड), मग टोन लावून मीटरने लेव्हल, मग कोडेकच्या (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आसपासची सोंगं बंद, मग ई-अँड-एम (पीटीटीसारखे सिग्नल नेणाऱ्या लीड), आणि त्यानंतर पॅकेट व क्लॉक. हा क्रम उलटा केला की प्रत्येक पायरी मागच्या पायरीची चूक लपवते.

खाली जे लिहिलंय ते चार-वायरी ६०० ओहम पोर्टबद्दल आहे, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाला एक जोडी आणि बाहेर जाणाऱ्याला दुसरी. यंत्र कुठल्या कंपनीचं आहे यानुसार मेनूतली नावं बदलतात, आतलं गणित बदलत नाही.

पोर्टच्या नजरेतून लेव्हल

डीबीएम म्हणजे वायरवर प्रत्यक्ष मोजलेली शक्ती. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, आणि ६०० ओहमवर तो ०.७७५ व्होल्ट होतो. पण पोर्टच्या आत आवाज गेला की त्याचे आकडे होतात, सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येकी ८ बिट, म्हणून ६४ केबीपीएस. हे आकडे मांडण्याची पद्धत आपल्याकडे आणि युरोपात ए-लॉ, अमेरिका-जपानमध्ये म्यू-लॉ. या आकड्यांना छत असतं. ए-लॉमध्ये ते +३.१४ डीबीएम-शून्य (पोर्टच्या आतल्या शून्यापासून मोजलेली लेव्हल) इतकं आहे. त्याच्या वर गेलेला आवाज सरळ कापला जातो आणि एकदा कापला की पुढे कुठेही, कुठल्याही नॉबने दुरुस्त होत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. वायरवरचा किती डीबीएम म्हणजे आतला शून्य, हे पोर्टच्या रिलेटिव्ह लेव्हलवर ठरतं. टेलिफोन मक्सच्या जमान्यापासून चार-वायरी पोर्टच्या दोन जोड्या रूढ आहेत: आत −१४ आणि बाहेर +४, किंवा आत −१६ आणि बाहेर +७. अनेक यंत्रांत यातलीच एक जोडी फॅक्टरीतून बसवलेली येते. −१६ चा अर्थ असा की वायरवर −१६ डीबीएम आला तर आत तो शून्य धरला जाईल.

आणि आपला रेडिओ? त्याची लाइन-आउट साधारणपणे −१० किंवा ० डीबीएमला बसवलेली असते. ० डीबीएमचा टोन −१६ च्या पोर्टात घातला की आत तो +१६ होतो. छत +३.१४ वर आहे. म्हणजे जवळजवळ १३ डीबी छताच्या वर. हा आवाज फाटणारच. ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ खराब आहे किंवा नेटवर्क पॅकेट टाकतंय, कारण बोलणं हळू असलं की ठीक ऐकू येतं आणि कोणी जोरात बोललं की खरखर होते. नेटवर्कचा आणि याचा काही संबंध नसतो. उलट दिशेला तोच पोर्ट +७ ने बाहेर ओततो, आणि रेडिओच्या लाइन-इनला अपेक्षा असते −१० ची. सतरा डीबी जास्त. रेडिओचा लिमिटर (फार मोठा आवाज दाबणारा भाग) सतत आवळलेला राहतो, हवेवर आवाज चपटा आणि घुसमटलेला जातो, आणि बोलण्याच्या मधल्या जागी मागचा गोंगाट उसळून वर येतो.

म्हणून पोर्टवर पहिलं काम म्हणजे रिलेटिव्ह लेव्हलची जोडी वाचून कागदावर उतरवणं, दोन्ही टोकांची. एका टोकाला −१६/+७ आणि दुसऱ्या टोकाला −१४/+४ अशी खिचडी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. त्याने एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला तीन डीबीचा फरक पडतो. तेवढ्याने काही बंद पडत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण पुढचं सगळं मोजमाप तेवढ्याने चुकतं.

टर्मिनेशन: साडेतीन आणि सहा

हे दोन आकडे लक्षात ठेवले तर अर्धा दिवस वाचतो.

६०० ओहमच्या सोर्सला ६०० ओहमचं एकच लोड मिळालं की लेव्हल बरोबर येते. चुकून दोन लोड समांतर लागले, म्हणजे दुहेरी टर्मिनेशन झालं, की लेव्हल ३.५ डीबी पडते. टर्मिनेशनच नसेल, म्हणजे पुढचा इनपुट हाय-इम्पीडन्स असेल, तर लेव्हल ६ डीबी चढते. हे आकडे साध्या व्होल्टेज डिव्हायडरचे आहेत, त्यात यंत्राची कंपनी येत नाही. त्यामुळे मीटरवर अपेक्षेपेक्षा नेमका साडेतीनचा किंवा सहाचा फरक दिसला की गेनच्या मेनूकडे जाऊच नका, क्रोनकडे (वायरी पंच करून जोडायच्या पट्टीकडे) जा.

एक प्रसंग जवळून सांगतो, कारण हाच दोष वेगवेगळ्या साइटवर सारखा भेटतो. कंट्रोल रूममध्ये क्रोन मॉड्यूलच्या तिसऱ्या जोडीवर टोन −१० यायला हवा, मीटर दाखवतो −१३.५. गेटवेचा पोर्ट ६०० ला टर्मिनेट केलेला, केबल ठीक, टोन पाठवणारं टोक ठीक. त्याच जोडीवरून पंच केलेली एक बारीक जम्पर वायर मागच्या बाजूने रॅकच्या खाली जाते. तिचा माग काढला तर ती व्हॉइस लॉगरला (बोलणं रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला) पोचते. लॉगर समांतर लावायचा तर त्याचा इनपुट हाय-इम्पीडन्स हवा, दहा किलो-ओहम किंवा जास्त. इथे त्या चॅनेलचा जम्पर ६००वर आहे. लॉगरची जोडी उपटली की मीटर तत्क्षणी −१० वर येतो, परत बसवली की −१३.५.

आता हा दोष परत परत कसा येतो ते बघा. लॉगर ज्या दिवशी जोडला त्या दिवसापासून आवाज साडेतीन डीबीने बारीक झाला. कोणीतरी पोर्टवर ४ डीबी वाढवले. मग लॉगर दुरुस्तीला गेला, आवाज मोठा झाला, गेन उतरवला. लॉगर परत आला, आवाज बारीक. प्रत्येक माणसाने त्याच्या परीने बरोबरच केलं आणि दोष क्रोनवर तसाच राहिला. लॉगरचा एक जम्पर हलवला की हे सगळं थांबतं.

मीटरचीही हीच गंमत आहे. ट्रान्समिशन टेस्ट सेटवर टर्मिनेट (मीटर स्वतः ६०० ओहमचं लोड लावतो) आणि ब्रिज (लोड न लावता नुसतं वाचतो) असे दोन मोड असतात. चालू लाइनवर, समोरचं यंत्र जोडलेलं असताना, मीटर ब्रिज मोडवरच हवा. लाइन काढून थेट मीटरला जोडली असेल तर टर्मिनेट मोड. उलटं केलं तर मीटर स्वतःच साडेतीन किंवा सहा डीबीची चूक तयार करतो आणि तुम्ही ती गेनने ‘दुरुस्त’ करता. टेस्ट सेट नसेल तर ट्रू-आरएमएस मल्टिमीटरने काम भागतं, पण तो १ किलोहर्ट्झवर नीट वाचतो का ते त्याच्या पुस्तिकेत पाहा. स्वस्त मीटर ५० हर्ट्झसाठी बनलेले असतात. −१० डीबीएम म्हणजे ६०० ओहमवर ०.२४५ व्होल्ट, +४ म्हणजे १.२३ व्होल्ट, −१६ म्हणजे ०.१२३ व्होल्ट.

कोकण-घाटावरच्या साइटवर अजून एक: पावसाळ्यात क्रोनमध्ये ओल धरते. जोडीच्या दोन वायरींपैकी एकच अर्थकडे गळायला लागली की लाइनचा तोल जातो आणि ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. लेव्हल मात्र ठीक दिसते. मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा असेल तर आधी जोडी दोन्ही बाजूंनी सोडवा, पोर्टला जोडलेली असताना कधीच नाही.

टोन लावून लेव्हल बसवणं

कानाने लेव्हल बसवू नका. माणसाचा आवाज, माइकचं अंतर, स्पीकरचा नॉब, ऐकणाऱ्याचा मूड, सगळं त्यात मिसळतं.

टोन घ्या १००४ किंवा १०२० हर्ट्झचा. बरोबर १००० टाळायचा, कारण ८००० ला १००० ने पूर्ण भाग जातो. दर आठ सॅम्पलनंतर तेच आठ आकडे परत येत राहतात, कोडेकच्या मोजक्या पायऱ्याच तपासल्या जातात आणि वाचन थोडं इकडेतिकडे होतं.

संदर्भ म्हणून रेडिओचं ६० टक्के डेव्हिएशन (आवाजाने रेडिओची फ्रीक्वेन्सी किती सरकते ते) धरा. २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ते ३ किलोहर्ट्झ, १२.५ च्या चॅनेलवर १.५ किलोहर्ट्झ. सर्व्हिस मॉनिटरवरून (रेडिओ तपासायच्या यंत्रावरून) रेडिओच्या रिसीव्हरला तेवढ्या डेव्हिएशनचा टोन द्या, आणि पोर्टच्या आत तो −१० डीबीएम-शून्य दिसेल असं बसवा. −१० का? पूर्ण डेव्हिएशन ६० टक्क्यांच्या जेमतेम साडेचार डीबी वर असतं, म्हणजे सगळ्यात जोरात बोलणाराही −५.५ च्या आसपास थांबेल. छत +३.१४ वर, मध्ये मोकळी जागा भरपूर. खाली गोंगाटही दूर राहतो.

बसवताना क्रम असा: रेडिओची लाइन-आउट त्याच्या पुस्तिकेतल्या लेव्हलवर, मग पोर्टचा इनपुट गेन किंवा पॅड (लेव्हल कमी करणारं रेझिस्टरचं जाळं), मग पलीकडच्या पोर्टचा आउटपुट, मग कंट्रोल रूमच्या कन्सोलचा इनपुट. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, मध्ये उडी न मारता. नंतर उलटी दिशा, कन्सोलपासून हवेपर्यंत, शेवटी सर्व्हिस मॉनिटरवर परत तेच ६० टक्के डेव्हिएशन यायला हवं. पोर्टच्या मेनूतल्या गेनची मर्यादा संपली तर बाहेरून रेझिस्टरचा पॅड लावा. १० डीबीचा ६०० ओहम पॅड चार-पाच रुपयांच्या रेझिस्टरमध्ये बनतो आणि तो सॉफ्टवेअर अपग्रेडमध्ये पुसला जात नाही. मला पॅड आवडतो तो याचसाठी.

टी-आर आणि टी-वन-आर-वन या पोर्टच्या आवाजाच्या दोन जोड्यांतली आतली कुठली आणि बाहेरची कुठली, हे प्रत्येक कार्डाच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. रेडिओचं ‘ट्रान्समिट’ आणि पोर्टचं ‘ट्रान्समिट’ एकाच वायरला म्हणत असतीलच असं नाही.

बोलता बोलता पीटीटी सुटतो

टोन रिमोट असलेल्या साइटवर ही तक्रार हमखास. इथे पीटीटी वेगळ्या वायरने जात नाही, आवाजाच्याच जोडीवरून टोनने जातो. आधी २१७५ हर्ट्झचा जोरदार गार्ड टोन साधारण १२० मिलिसेकंद, मग १० डीबी खाली फंक्शन टोन, उदाहरणार्थ १९५० हर्ट्झ, ४० मिलिसेकंद, आणि त्यानंतर बोलणं चालू असेपर्यंत तोच २१७५ चा टोन अगदी हळू, जोरदार टोनच्या ३० डीबी खाली. हा हळू टोन ऐकू येत राहतो तोवर पलीकडचा रेडिओ ट्रान्समिटवर राहतो.

गेटवेमध्ये व्हीएडी, म्हणजे शांतता ओळखून पॅकेट थांबवण्याची सोय, चालू असेल तर काय होतं? माणूस बोलतो तोवर सगळं ठीक. तो श्वास घ्यायला थांबला की लाइनवर उरतो फक्त तो हळू, एकसुरी टोन. व्हीएडी त्याला पार्श्वभूमीचा गोंगाट समजतो, पॅकेट बंद करतो, आणि पलीकडे स्वतः बनवलेला कम्फर्ट नॉइज सोडतो. त्यात २१७५ नाही. रेडिओ की सोडतो. माणूस परत बोलतो तेव्हा जोरदार गार्ड टोन पुन्हा येत नाही, त्यामुळे की परत लागत नाही. कंट्रोल रूमला वाटतं आपण बोललो, हवेवर अर्धंच वाक्य गेलेलं असतं. पोलीस, अग्निशमन, बंदर, खाण, जिथे कुठे ही यंत्रणा आहे तिथे अर्धं वाक्य धोकादायक असतं. या सेटिंगबद्दल मी कुठेच तडजोड करत नाही: टोन रिमोट असेल तर व्हीएडी बंद, एजीसी (लेव्हल आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद, इको कॅन्सलर (प्रतिध्वनी काढणारी सोय) बंद, कोडेक जी.७११ (वर सांगितलेला ६४ केबीपीएसचा) किंवा थेट सर्किट इम्युलेशन (सर्किटचे बिट जसेच्या तसे पॅकेटात). जी.७२९ सारखा ८ केबीपीएसचा कोडेक माणसाच्या आवाजासाठी बनवलेला आहे, सिग्नलिंग टोनसाठी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. एजीसी तर त्या तीन टोनमधला ठरलेला फरकच मोडून टाकतो.

आणि इथे लेव्हल पुन्हा येते. फंक्शन टोन आत ० डीबीएम-शून्यावर बसवला तर जोरदार गार्ड टोन +१० होतो, छताला आपटतो. कापलेल्या २१७५ चा तिसरा हार्मोनिक ६५२५ हर्ट्झचा, तो ८०००च्या सॅम्पलिंगमध्ये दुमडून १४७५ हर्ट्झ होऊन परत येतो. की मारताना मुख्य शिट्टीबरोबर तिच्याखाली दुसरीच एक शिट्टी ऐकू येत असेल तर स्पेक्ट्रम ॲप उघडून १४७५ च्या आसपास पाहा. तिथे काठी दिसली की क्लिपिंग सिद्ध. फंक्शन टोन −१० ला ठेवला की गार्ड ० वर, हळू टोन −३० वर, सगळे आत बसतात.

इको कॅन्सलरबद्दल एक वाक्य जास्त: शुद्ध चार-वायरी मार्गात हायब्रिड (दोन-वायरी आणि चार-वायरी जोडणारं सर्किट) नसतो, त्यामुळे त्याचं तिथे कामच नाही. पलीकडे कुठे दोन-वायरी फोन जोडलेला असेल तरच तो लागतो.

ई-अँड-एम: वायर बरोबर, प्रकार चुकीचा

वायरने पीटीटी जात असेल तर ई आणि एम या दोन लीड. गोंधळाचं मूळ असं की ही नावं पीबीएक्सच्या (ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या) बाजूने ठेवलेली आहेत: पीबीएक्स एमवर बोलतो आणि ईवर ऐकतो. गेटवे सहसा पलीकडच्या, ट्रंकच्या बाजूला असतो. म्हणून गेटवे एमवर ऐकतो आणि ईवर बोलतो. रेडिओचा सीओआर, म्हणजे हवेवरून कोणीतरी बोलायला लागून स्क्वेल्च उघडल्याचा सिग्नल, गेटवेच्या एमला जायचा, आणि रेडिओचा पीटीटी गेटवेच्या ईवरून यायचा. काही कार्डांत ही बाजू मेनूतून उलटवता येते, तेव्हा अंदाज न बांधता मल्टिमीटरने पाहा: की मारल्यावर कुठली लीड अर्थला जाते.

टाइप-१ मध्ये एम लीडवर −४८ व्होल्टची बॅटरी येते आणि परतीचा मार्ग अर्थमधून. गेटवे आणि रेडिओ एकाच रॅकमध्ये, एकाच अर्थ-बारवर असतील तर ठीक. डोंगरावर रेडिओ एका खोलीत, मायक्रोवेव्ह आणि गेटवे दुसऱ्या खोलीत, दोघांचे अर्थ-पिट वेगळे, असं असेल तर दोन अर्थमधला व्होल्टेजचा फरकच लीडवर दिसतो. रिले तडतडतो, पीटीटी आपोआप लागतो, वीज कडाडली की कार्ड जातं. तिथे टाइप-२ घ्या, त्यात दोन्ही सिग्नलना स्वतःची परतीची वायर असते, अर्थवर अवलंबून राहावं लागत नाही. टाइप-५ सोपा आहे, दोन्ही बाजू फक्त अर्थ देतात, पण अर्थ समाईक हवाच. रेडिओची पीटीटी लाइन बहुतेक वेळा ‘अर्थ दिला की की’ अशीच असते. तिच्यावर चुकून टाइप-१ ची −४८ व्होल्ट लागली तर रेडिओचा इनपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. मध्ये ऑप्टो-कप्लर किंवा छोटा रिले घालणं कधीही चांगलं.

आणि एक सेटिंग जे बहुतेक लोक उघडूनही बघत नाहीत: पॅकेट लिंक तुटल्यावर ई लीडने काय करायचं. काही यंत्रांत पर्याय असतो, शेवटची अवस्था धरून ठेव किंवा आयडलला जा. ‘धरून ठेव’ असेल आणि की मारलेली असताना लिंक गेली तर डोंगरावरचा ट्रान्समीटर हवेवर अडकून राहतो आणि अख्खा चॅनेल बंद पडतो. ते आयडलवर ठेवा, आणि रेडिओमधला टाइम-आउट टायमरही चालू ठेवा. मग प्रत्यक्ष तपासा: की मारा, इथरनेटची केबल उपटा, रेडिओ सुटतो का बघा. कागदावर बघून हे समजत नाही.

पहिलं अक्षर गिळलं जातं

‘कंट्रोल’ म्हटलं तर पलीकडे ‘ट्रोल’ ऐकू येतं. इथे एकच दोष नसतो, लहान लहान उशीर जमा होतात: ट्रान्समीटर पूर्ण शक्तीला यायला वेळ, समोरच्या रेडिओत सीटीसीएसएस (आपल्याच गटाचा आवाज ओळखायचा खालचा टोन) ओळखायला शे-दोनशे मिलिसेकंद, पोर्टवर एम लीडचा डीबाउन्स (लीड स्थिर झाली का याची वाट पाहण्याचा वेळ), व्हीएडी चालू असेल तर त्याचाही. गेटवेवर डीबाउन्स कमी करा, व्हीएडी बंद करा, आणि ‘आवाज उशिरा सोड’ अशी सोय असेल तर ती वापरा, म्हणजे की आधी पोचते आणि आवाज मागून. बाकीचा भाग रेडिओचा आहे, पोर्टवर शोधू नका.

ठरावीक वेळाने ‘टक्’

आवाज छान, पण मध्येच एक टिचकी. घड्याळ लावा. टिचकी ठरावीक अंतराने येत असेल तर ते क्लॉक (सॅम्पलचा वेग ठरवणारं यंत्रातलं घड्याळ) आहे, कधीही कशीही येत असेल तर नेटवर्क. हा भेद आधी केला नाही तर बफर (आलेली पॅकेटं थोडा वेळ साठवायची जागा) वाढवण्यात वेळ जातो.

दोन टोकांची यंत्रं आपापल्या क्रिस्टलवर चालत असतील तर एक जरा वेगाने सॅम्पल बनवतं आणि दुसरं जरा हळू खातं. बफर हळूहळू भरतो किंवा रिकामा होतो, टोकाला पोचला की एकदम मध्यावर उडी मारतो, आणि ती उडी म्हणजे टिचकी. गणित सोपं आहे. दोघांत १० पीपीएमचा (दहा लाखांत दहा) फरक आणि बफरमध्ये मध्यापासून ५ मिलिसेकंदांची जागा, तर ५ भागिले ०.००००१, म्हणजे ५,००,००० मिलिसेकंद, ५०० सेकंद, सव्वाआठ मिनिटांहून थोडं जास्त. मोजलेलं अंतर आणि बफरची सेटिंग यांवरून क्लॉकचा फरक किती ते उलटं काढता येतं. बफर दुप्पट केला तर टिचकी दुप्पट वेळाने येईल, जाणार नाही. ‘बफर वाढवला, तक्रार बंद झाली’ असं नोंदवलेलं आणि महिन्याने परत उघडलेलं तिकीट सहसा असंच असतं.

उपाय: एक टोक मास्टर, शक्य असेल तर जीपीएस किंवा ई-वनच्या चांगल्या स्रोतावर, आणि दुसरं टोक ॲडॅप्टिव्ह, म्हणजे येणाऱ्या पॅकेटांवरून क्लॉक काढणारं. दोन्ही टोकं ॲडॅप्टिव्ह ठेवली तर दोघं एकमेकांच्या मागे धावत राहतात आणि क्लॉक कुठेही भरकटतो. आवाजाला एखादी टिचकी चालते, पण त्याच पोर्टवर टेलिमेट्रीचा मोडेम असेल तर प्रत्येक टिचकीला डेटा चुकतो. तिथे याला दुय्यम समजू नका.

पॅकेटच्या आकाराचं थोडक्यात. सीरियल डेटासाठी बसवलेली कॉन्फिगरेशन ऑडिओ पोर्टवर कॉपी होते आणि पॅकेट १०२४ बाइटचंच राहतं. ६४ केबीपीएसला १०२४ बाइट भरायलाच १२८ मिलिसेकंद लागतात, त्यावर बफर, त्यावर नेटवर्क. एका दिशेच्या उशिराची १५० मिलिसेकंदांची मर्यादा तिथेच संपते. ६४ बाइट केले की ८ मिलिसेकंद. बँडविड्थ थोडी जास्त लागते, ती द्या.

पावसाळ्यात मात्र त्या बँडविड्थकडे लक्ष ठेवा. १५ किंवा १८ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हवर जोराचा पाऊस आला की ॲडॅप्टिव्ह मॉड्युलेशन खाली उतरतं आणि लिंकची क्षमता कितीतरी पटीने कमी होते. लिंक ‘अप’ दिसते, अलार्म नसतो, पण रांगेत कॅमेऱ्याची पॅकेटं आणि आवाजाची पॅकेटं एकत्र उभी राहतात. जी.७११, २० मिलिसेकंद, इथरनेटसकट एका दिशेला ८७ केबीपीएस लागतात, तेवढी जागा सगळ्यात खालच्या मॉड्युलेशनवरही असते. फक्त डीएससीपी ४६ चं (या पॅकेटला आधी जाऊ द्या असं सांगणारं) मार्किंग पोर्टवर, स्विचवर आणि मायक्रोवेव्हवर, तिन्ही ठिकाणी मानलं जातंय का ते पाहावं लागतं. एका ठिकाणी सुटलं की इतर दोन ठिकाणचा उपयोग शून्य.

कार्ड बदलताना

सगळं नीट बसवल्यावरही दोष परत येण्याची दोन दारं उघडी राहतात. एक, चालू कॉन्फिगरेशन सेव्ह केलेली नसते, वीज जाऊन येते आणि पोर्ट जुन्या गेनवर, व्हीएडी चालू अशा अवस्थेत उठतो. काम संपल्यावर सेव्ह करा, यंत्र एकदा बंद-चालू करा आणि टोन परत मोजा. दोन, काही सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये नसतातच. ई-अँड-एमचा टाइप आणि ६००/९०० ओहम कार्डावरच्या जम्परवर किंवा डिप-स्विचवर असतात. स्टोअरमधून आलेलं कार्ड कोणत्या साइटवरून काढलेलं आहे ते कोणाला ठाऊक नसतं. स्लॉटमध्ये घालण्याआधी जुनं आणि नवं कार्ड टेबलवर शेजारी ठेवा, एकेक जम्पर जुळवा, मोबाइलवर दोन्हींचा फोटो काढा. मग क्रोनवरच्या त्या जोडीला एक चिठ्ठी लावा: टोन किती हर्ट्झ, आत किती डीबीएम, बाहेर किती डीबीएम, मीटर कुठल्या मोडवर, तारीख. पुढच्या तक्रारीला जो जाईल त्याने लॉगिन करण्याआधी त्या चिठ्ठीवरच्या आकड्याशी मीटर जुळवून बघावा, आणि आकडा जुळत असेल तर पोर्ट सोडून पुढे शोधावं.